टाकीला कुलूप

"विश्वास पानिपतात मेला," हे आमच्या दादांचं आवडतं वाक्य. दादा म्हणजे माझे वडील. दूधवाला आला की म्हणत, पोस्टमन आला की म्हणत, मी बारावी पास झाले तेव्हा पेढेवाल्याच्या तागडीकडे बघूनही म्हणाले. जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावात दादांना मान होता, पण त्यांच्याशी व्यवहार करायचा म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटायचा.

ते जन्मापासून संशयी होते की नंतर झाले, यावर आईचं आणि आत्याचं कधी एकमत झालं नाही. आत्या म्हणायची, पाळण्यातसुद्धा एक डोळा उघडा ठेवून झोपायचा. आई म्हणायची, नाही, त्या घोड्यापासून झाले. तरुणपणी दादांनी यात्रेतल्या घोडेबाजारातून चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला घोडा आणला होता. असल्या घोड्याला पंचकल्याणी म्हणतात, आणि तो ज्याच्या दारात उभा त्याचं भलं होतं असं मानतात. बायांनी घोड्याला ओवाळलं, म्हाताऱ्यांनी दादांच्या पारखीचं कौतुक केलं. पुढच्या आठवड्यात विहिरीवर नेऊन घोडा धुतला, तर पाण्याबरोबर चारी पायांचं कल्याण वाहून गेलं. खाली साधा तांबडा घोडा निघाला. गाव कित्येक वर्षं हसत होतं.

तेव्हापासून दादा घोड्याचा रंग बघेनासेच झाले. ते भोवरा बघत. अंगावर जिथे केस उलटे फिरून गोल होतात तो भोवरा. "रंग लावता येतो, भोवरा लावता येत न्हाई," ते म्हणत, आणि हे मात्र खरं होतं.

मला समजायला लागलं तेव्हा दारात जो घोडा होता, त्याच्या गळ्याखाली डावीकडे असा भोवरा होता. एक मोठा आणि त्याला लागून एक लहान, आईच्या कडेला पोर बसावं तसा. गडद तांबड्या रंगाचा, कान टोकाशी एकमेकांना चिकटलेले, चाल अशी की वर बसलेल्या माणसाच्या हातातलं पाणी हलू नये. घरात दादांचा विश्वास एकाच जिवावर होता, आणि तो चार पायांचा होता. आम्हा भावंडांना याचा राग येई. आम्ही शाळेतून आलो की दादा आमचं दप्तर उघडून बघत, आणि घोडा बांधावरून मोकाट फिरून आला तर म्हणत, "आला का रे राजा?"

आता एवढा घोडा म्हटल्यावर चार गावांतून माणसं यायची. आमची घोडी माजावर आहे, घोडा लावू द्या म्हणायची. दादा सगळ्यांना चहा पाजत आणि परत पाठवत. त्यांचं म्हणणं, एकदा वाण बाहेर गेलं की कुणाच्याही दारात आपल्या घोड्याचं शिंगरू उभं राहील आणि तो बाजारात सांगेल की मूळ घोडा माझाच होता. आमची स्वतःची घोडी वांझ निघाली. त्यामुळे झालं असं की वाण चोरीला जाऊ नये म्हणून जपता जपता वाणच उरलं नाही. घोडा म्हातारा व्हायला आला, मागचा एक पाय ओढू लागला, तरी त्याच्या रक्ताचं एकही शिंगरू दुनियेत नव्हतं. हे दादांच्या ध्यानात आलं तेव्हा ते आठवडाभर नीट जेवले नाहीत.

मग ते बाजारातून एक तरणी घोडी घेऊन आले. अंगाने चांगली, भोवरे स्वच्छ, पण अजून पोर. भरवण्याच्या वयाला यायला दोन वर्षं तरी हवी होती. आणि घोडा दोन वर्षं काढेल याची कुणालाच खात्री नव्हती.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मी जालन्याला बी.एस्सी. करत होते आणि शनिवार-रविवारी, सुट्टीत घरी यायचे. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते, अंबडकडचे, मेंढ्या राखणाऱ्या घरातून शिकून वर आलेले. घोड्याचा पाय बघायला आले आणि खाली बसल्या बसल्या म्हणाले, "काका, याचं रेत गोठवून ठेवू. गाई-म्हशींचं ठेवतो तसं. घोडी वयात आली की भरवू."

दादांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी घोड्याचे पाय धुवायला मागितले.

"गाईचं ऱ्हातं. घोड्याचं ऱ्हातं का?"

"अवघड आहे," डॉक्टर म्हणाले. "गोठवताना जगत नाही फारसं. बैलाचं पितळेचं भांडं असतं म्हणा, घोड्याचं काचेचं. पण प्रयत्न करू."

डॉक्टर गेल्यावर दादा म्हणाले, "मेंढरामागं फिरणाराला घोड्याचं काय पडलं? काहीतरी हाय याच्या मनात." दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच दवाखान्यात जाऊन अटी घालून आले. सगळं काम आमच्या घरी होईल. दादा समोर बसतील. आणि गोठवलेलं जे असेल ते आमच्याच घरात राहील, दादांच्या कुलपात. डॉक्टरांनी मान्य केलं. त्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं ते आम्हाला पुढे दीड-दोन वर्षांनी कळलं.

रेत गोठलेलं राहावं म्हणून लागणारी द्रव नायट्रोजनची टाकी दादांनी जालन्याहून आणवली. दुधाच्या कॅनसारखी, पण जाड, आणि झाकण काढलं की गळ्यातून पांढरी वाफ सांडणारी. एसटीत कंडक्टरने ती दारूची भट्टी समजून उतरवायला लावली होती. गावात आली तर पोरं म्हणाली बॉम्ब आहे. दादांनी ती बियाण्याच्या खोलीत कणग्यांच्या शेजारी ठेवली, झाकणाला कडी बसवून कुलूप लावलं, आणि किल्ली करगोट्याला बांधली. दर आठवड्याला डॉक्टर नायट्रोजन घेऊन येत, तेव्हा दादा कुलूप काढत, भरेपर्यंत शेजारी उभे राहत आणि परत लावत.

पुढचे सहा-सात महिने आमच्या घरात जे चाललं त्याला घरात नाव नव्हतं. डॉक्टर आले की दादा ओरडत, "बायांनो, आत व्हा!" मग आई, आत्या आणि मी स्वयंपाकघरात. मागच्या आवारात जुनी घोडी उभी करायची, घोडा आणायचा, आणि डॉक्टर पाण्याच्या पाइपाचा एक जाड तुकडा घेऊन बाजूला उभे. रेत धरायला आत रबराची ट्यूब, मधे कोमट पाणी. घोड्याला वाटायचं घोडी आहे. दादांना त्याचंच वाईट वाटायचं. "मुक्या जनावराला फसवून राह्यले तुम्ही," असं ते दर वेळी डॉक्टरांना सुनवत, आणि दर वेळी घोडा धरायला स्वतःच उभे राहत. खिडकीच्या फटीतून आत्या सगळं बघत असे आणि "शिव शिव" म्हणत असे. फट मात्र तिने कधी बुजवू दिली नाही.

डॉक्टरांच्या मागण्या स्वयंपाकघरात येत. साय काढलेलं दूध, साखर आणि गावरान कोंबडीची अंडी. आईने अंड्याला चुलीजवळ येऊ दिलं नसतं, म्हणून ती गोठ्यामागे दगडावर फोडली जात. दुधात अंड्याचा पिवळा बलक कालवायचा आणि ते त्या रेतात मिसळायचं, म्हणजे गोठताना त्याला पांघरूण मिळतं. गावात बातमी पसरली की डॉक्टर रोज आमच्याकडे ऑम्लेट खातात. दादांना ती निम्मी खरी वाटली. एकदा त्यांनी गोठ्यामागे जाऊन टरफलं जुळवून पाहिली होती, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी यात आले ती सूक्ष्मदर्शकामुळे. डॉक्टरांनी तो ओसरीवर मांडला आणि मला राहवेना. कॉलेजात आम्ही कांद्याची सालं बघून बघून कंटाळलो होतो. मी म्हटलं, मला बघू द्या. आई दारात, आत्या तिच्यामागे. डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "बघू द्या, काका. शिकलेल्या आहेत. मला मदत होईल."

दादांनी बराच वेळ माझ्याकडे, मग डॉक्टरांकडे पाहिलं. "बघ," म्हणाले. "हा काय खरं सांगून राह्यला का तेवढं बघ."

म्हणजे मला हेर म्हणून नेमलं. मी डोळा लावला. काय सांगू! एका थेंबात सगळी यात्रा भरली होती. एकमेकांना ढकलत, सरळ रेषेत, कुठे जायचं ते ठाऊक असल्यासारखे सगळे निघाले होते. मला हसू आलं आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणीही आलं. दादांनी मला बाजूला करून स्वतः पाहिलं. पाहून मान वर केली आणि विचारलं, "हे घोड्याचंच कशावरून?"

पहिल्यांदा गोठवलं ते गाई-म्हशींच्या पद्धतीने. बारीक प्लॅस्टिकच्या कांड्यांत भरायचं आणि थंड करून टाकीत सोडायचं. दुसऱ्या दिवशी एक कांडी कोमट पाण्यात विरघळवून काचेवर घेतली. सगळं ठप्प. यात्रा उठून गेल्यासारखी. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा एखादा जागच्या जागी गोल फिरत होता, चकवा लागल्यासारखा. दादा डॉक्टरांना म्हणाले, "बैलावर शिकलेला हात हाय तुमचा. घोड्यावर चालायचा न्हाई."

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांची एक खोड होती, काही बिघडलं की ते माणसावर नाही, वस्तूंवर संशय घेत. दुधावर घेतला, दूध बदललं. अंड्यावर घेतला, शहरातली अंडी आणून पाहिली, मग परत गावरान. मग त्यांना वाटलं, घोड्याच्या रेतात स्वतःचं जे पाणी असतं त्यातच काहीतरी आहे जे थंडीत त्याच्याच जिवावर उठतं. मी कॉलेजातल्या सरांकडून हाताने फिरवायचं एक जुनं यंत्र मागून आणलं, नळ्या गरगर फिरवून गाळ खाली बसवणारं. दांडा मी फिरवायचे. जोरात फिरवलं की तळाशी घट्ट गोळा बसे आणि त्यातलं निम्मं मरे. सावकाश फिरवलं, वरचं पाणी काढून टाकलं, खालचं दुधा-बलकात मिसळलं. थंड करायचं तेही एकदम नाही. नळी पाण्याच्या तांब्यात उभी करायची, तांब्या ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाजवळ, मग बर्फात, आणि शेवटी थर्माकोलच्या डब्यात नायट्रोजनच्या नुसत्या वाफेवर कांड्या आडव्या ठेवायच्या. लहान लेकराला पहिल्यांदा आंघोळ घालतात तसं सगळं हळूहळू.

ज्या दिवशी कांडी विरघळवून काचेवर घेतली आणि यात्रा हलताना दिसली, त्या दिवशी मी ओरडलेच. सगळे नव्हते, निम्मेही नव्हते. पण जे होते ते सरळ पोहत होते. डॉक्टरांनी पाहिलं आणि ओसरीच्या कडेला जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. दादांनी पाहिलं आणि तेच विचारलं, घोड्याचंच कशावरून. पण या वेळी आवाज हलका होता, आणि संध्याकाळी त्यांनी घोड्याला गुळाचा खडा चारताना मी ऐकलं, "राजा, तू ऱ्हाशील बरं का. तू ऱ्हाशील."

पुढच्या काही दिवसांत घोड्याला झेपेल तेवढं गोळा केलं आणि सगळ्या कांड्या भरल्या. दादा पाटावर समोर बसून होते. एक कांडी भरली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. आमच्याकडे पोती मोजताना असंच करतात, बोलण्यात माणूस चुकतो, चिंचोका चुकत नाही. शेवटी कांड्या एका लांब दांड्याच्या पेल्यात घालून टाकीत सोडल्या. दादांनी कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बियाण्याच्या खोलीतून चहाला आले आणि म्हणाले, "कांड्या कमी हायत."

आई म्हणाली, "झालं सुरू."

"मी बराबर सांगून राह्यलो. चिंचोके जास्ती, कांड्या कमी."

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, गोठवताना काही तडकल्या, फेकून दिल्या. ते टाकीचं झाकण नीट करत होते, वर पाहिलं नाही. दादा म्हणाले, "फेकल्या तर मला न्हाई दिसल्या." मी दादांवर भडकले. म्हटलं, तो माणूस सहा महिने तुमच्या घोड्यासाठी मरतोय, ऊन नाही पाहिलं, सुट्टी नाही पाहिली, आणि तुम्ही चिंचोके मोजता? लाज वाटली मला. खरंच वाटली. दादांनी चिंचोके एका फडक्यात बांधून करगोट्याच्या किल्लीशेजारी अडकवले.

घोडा पुढच्या उन्हाळ्यात गेला. सकाळी उठून बघितलं तर आडवा. दादांनी त्याला स्वतःच्या शेतात, बांधाजवळ पुरलं. परत आले आणि थेट बियाण्याच्या खोलीत गेले. बराच वेळ आत होते. आम्हाला वाटलं रडत असतील, म्हणून कुणी गेलं नाही.

आता सगळं त्या टाकीवर होतं. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं पण सगळ्यांना ठाऊक होतं. तरणी घोडी वयात आली. माजावर आल्यावर डॉक्टर आले, कांडी काढली, विरघळवली, घोडीला भरवली. थांबलो. घोडी पुन्हा माजावर आली. पुन्हा भरवली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी भरवण्याआधी एक कांडी काचेवर घेतली. त्यांनी पाहिलं आणि मला हात केला. मी पाहिलं. सगळं ठप्प. दुसरी कांडी घेतली, तिसरी घेतली. एकही हलत नव्हता.

दादा उभे राहिले. "मला ठाऊक हुतं," म्हणाले. "चांगल्या घेऊन गेले आन् मेलेल्या मला ठेवल्या. घोडा गेला, आता कुणाला धरू मी?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी नायट्रोजनवर संशय घेतला, टाकीच्या बुडावर घेतला, काठी घालून पातळी पाहिली. पातळी बरोबर होती. काहीच कळेना. ते गेले तेव्हा दादांनी त्यांना दारापर्यंतसुद्धा सोडलं नाही.

त्या सुट्टीत मी घरीच होते. माझं लक्ष दादांच्या बोटांकडे गेलं. उजव्या हाताच्या बोटांची टोकं पांढरी, सोललेली. मी विचारलं तर म्हणाले, तंबाखूचा चुना लागला. दादा तंबाखू उजव्या तळव्यावर डाव्या अंगठ्याने मळत, हे मी लहानपणापासून बघत आले होते. मी त्यांचीच लेक. मला संशय आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बियाण्याच्या खोलीबाहेर उभी राहिले. दादा आंघोळ करून आले. रोजच्यासारखा एका कणगीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर ज्वारी काढली, दाराशी उजेडात आणून कीड लागली का पाहिलं आणि परत टाकली. दुसऱ्या कणगीतला हरभरा तसाच पाहिला. आमच्याकडे सगळे करतात हे. साठवलेलं बी बघितलं नाही तर ते आतल्या आत किडतं. मग दादांनी करगोट्याची किल्ली काढली. टाकीचं कुलूप उघडलं. दांडा धरून पेला पूर्ण बाहेर काढला आणि दाराशी उजेडात आणला. वाफ निघत होती. दादांनी कांड्या तळहातावर घेतल्या, एकेक डोळ्यासमोर धरली, फडक्यातल्या चिंचोक्यांशी सावकाश जुळवून पाहिल्या, पुन्हा पेल्यात ठेवल्या, आणि पेला टाकीत सोडून कुलूप लावलं.

"दादा, हे रोज करता?"

ते दचकले नाहीत. "मंग? ठेवलेलं बघू नये का? अगुदरच कमी भरल्यात. अजून कोन नेल ते कळाया नको?"

मी खाली बसले. मला रडू फुटलं. बाहेरच्या हवेत एवढा वेळ म्हणजे त्या कांड्यांना रोज उन्हात टाकून पुन्हा बर्फात घालण्यासारखं होतं. नायट्रोजनमध्ये त्यांना दहा वर्षंसुद्धा काही झालं नसतं. दादांनी त्यांना रोज सकाळी मारलं होतं, आणि ते सगळं जपण्यासाठी. कसं सांगायचं हे? मी सांगितलं. रडत रडत, सगळं. दादा ऐकत होते. मी संपवल्यावर ते म्हणाले, "तुला डॉक्टरनं शिकवलं का असं बोलाया?"

मी त्याच पावली जीप धरून जाफराबादला गेले आणि डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "ताई, मी उद्या येतो." त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीतरी वेगळंच होतं. बसमध्ये चोरीचा माल सापडलेल्या माणसासारखं.

दुसऱ्या दिवशी ते आले ते हातात एक लहान टाकी घेऊन. ओसरीवर ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "काका, तुम्ही बरोबर होतात. कांड्या कमी होत्या. मी ठेवून घेतल्या होत्या."

आई दारातच थांबली. ज्या माणसासाठी मी बापाशी भांडले होते, त्याने खरंच चोरी केली होती.

"का?" दादा म्हणाले.

"तुमचा भरवसा नव्हता," डॉक्टर म्हणाले. "टाकी घरात, कुणी उघडेल, नायट्रोजन उडून जाईल, काहीही होईल. सगळं एका ठिकाणी ठेवायला मन धजेना. सांगितलं असतं तर तुम्ही ठेवू दिल्या असत्या का?"

"बिलकुल न्हाई."

"म्हणून सांगितलं नाही."

म्हणजे गंमत बघा. डॉक्टरांनी संशय घेतला म्हणून कांड्या चोरल्या, आणि चोरल्या म्हणून दादांनी संशय घेऊन बाकीच्या मारल्या. दोघांचे संशय शंभर टक्के खरे होते. मला दोघांचाही सारखाच राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

दादा लहान टाकीकडे बघत राहिले. आम्हाला वाटलं आता ते विरघळतील. ते म्हणाले, "चोरीचा माल. ह्यो माझ्याच घोड्याचा कशावरून? दवाखान्यात धा जनावरांचं असतं."

डॉक्टरांनी एक कांडी काचेवर घेतली. यात्रा हलत होती. दादांनी पाहिलं. हलतंय एवढं मान्य केलं. कुणाचं हलतंय ते मान्य केलं नाही. पण घोडी माजावर होती आणि दुसरं काही उरलंही नव्हतं. भरवू दिली.

घोडी गाभण राहिली. आणि मग अकरा महिने आमच्या घराने जे सोसलं ते देव जाणे. घोडीचं पोट वाढत गेलं तसा दादांचा संशय वाढत गेला. आई आनंदाने काही बोलली की ते म्हणत, "दुसऱ्याचं शिंगरू पोसून राह्यलो आपण." जीपवाल्याजवळ चौकशी करत, डॉक्टर कुठल्या घोड्यांच्या मालकांकडे जातात. पण त्याच वेळी घोडीला भिजवलेले हरभरे स्वतःच्या हाताने चारत, तिला काटा लागू नये म्हणून रानाची वाट झाडून घेत. मी एकदा विचारलं, "दुसऱ्याचं आहे ना, मग एवढं कशाला?" ते म्हणाले, "आन् त्याचं असलं तर?" एवढंच. त्या दिवसानंतर मी त्यांना चिडवलं नाही.

घोडी पहाटे व्यायली. कळा लागताच डॉक्टरांना निरोप गेला होता, ते आले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. शिंगरू उभं राहायचा प्रयत्न करत होतं, चारी पाय चार दिशांना. मादी होती. रंग अजून ओला, कळत नव्हता, आणि रंगाला आमच्या घरात किंमतही नव्हती. दादा पहाटेपासून चार हातांवर उभे होते. शिंगराला हात लावत नव्हते. आई म्हणाली, "बघा की." ते म्हणाले, "वाळू दे." मला समजलं, ते घाबरले होते. इतका घाबरलेला बाप मी कधी पाहिला नव्हता.

डॉक्टर शेजारी येऊन उभे राहिले. शेवटी दादा पुढे झाले, गुडघ्यावर बसले, आणि शिंगराच्या गळ्याखाली डावीकडे हात घातला. कणगीत घालतात तसा, न बघता, बोटांनी चाचपत. बोटं थांबली. पुढे गेली, परत मागे आली. मग त्यांनी ओले केस अंगठ्याने बाजूला केले आणि मान खाली घालून पाहिलं. एक मोठा भोवरा. त्याला लागून एक लहान.

"आला का रे राजा," दादा म्हणाले, आणि तसेच शिंगराच्या मानेवर डोकं टेकवून रडायला लागले. माझ्या बापाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

बऱ्याच वेळाने ते उठले. धोतराला तोंड पुसलं. डॉक्टरांसमोर आले.

"अजून किती ठेवल्यात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, काका. होत्या तेवढ्या आणल्या."

दादांनी करगोट्याचं फडकं सोडलं. मेलेल्या कांड्यांचे चिंचोके त्यांनी कधीच काढून टाकले होते, भरवलेल्यांचे आणि लहान टाकीतून आलेल्यांचेही. तरी फडक्यात काही उरले होते. ते त्यांनी तळहातावर घेऊन डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच नजर घोडीकडे वळवली.

"खोटं बोलून राह्यला," दादा म्हणाले. मग डॉक्टरांचा हात ओढून त्यांनी ते चिंचोके त्यांच्या मुठीत घातले आणि वरून मूठ दाबून धरली. "बोल. बोलत ऱ्हाय. माझ्या घरी नगं आणू. तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."